डोळ्यात थेंब टाकायचा अधिकार : ऑप्टोमेट्रीच्या शिक्षणाचा इतिहास आपण का वाचायचा?

वैद्यकीय प्रवेशांतील आरक्षणावरून आपल्याकडे दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी भांडण उभे राहते. एमबीबीएसच्या जागा, पदव्युत्तर जागा, अखिल भारतीय कोटा, जातपडताळणी. हे भांडण झालेच पाहिजे. पण आपल्या वस्त्यांतली कितीतरी मुलेमुली प्रत्यक्षात ज्या अभ्यासक्रमांना जातात, म्हणजे लॅब, एक्स-रे, डायलिसिस, ऑपरेशन थिएटर, ऑप्टोमेट्री, त्यांच्याबद्दल जयंतीच्या व्याख्यानमालेत शब्द निघत नाही. बारावीला सायन्स घेतले, नीटला नंबर लागला नाही, मग 'पॅरामेडिकल' केले, असे घरातलेसुद्धा मान खाली घालून सांगतात. जणू ती हरलेल्यांची रांग आहे.

आमचे म्हणणे वेगळे आहे. आरोग्यव्यवस्थेत कोणाच्या हाती कोणते काम असावे याची फेरवाटणी आज याच रांगेत चालू आहे. २०२१ साली संसदेने या सगळ्या व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने त्यातल्या काही व्यवसायांचे नवे अभ्यासक्रम जाहीर केले आणि त्यांत ऑप्टोमेट्री आहे. ऑप्टोमेट्रिस्ट म्हणजे आपण ज्याला 'नंबर काढणारा' म्हणतो तो. एमबीबीएस करून पुढे डोळ्यांचे शल्यशास्त्र शिकलेला डॉक्टर वेगळा, हा वेगळा. या नंबर काढणाऱ्याने फक्त चष्मा द्यायचा, की डोळ्याचा पडदाही तपासायचा, काचबिंदू ओळखायचा, काही आजारांवर औषध लिहायचे, हा प्रश्न जगभर शंभर-सव्वाशे वर्षे लढला गेला आहे. या लढ्याचा इतिहास एकच गोष्ट पुन्हापुन्हा दाखवतो. अधिकाराची रेघ कायद्यात सरकण्याच्या आधी वर्गात आणि दवाखान्यात सरकते. अभ्यासक्रमात जे आहे ते उद्या मागता येते. अभ्यासक्रमात जे नाही त्यासाठी मोर्चा काढूनही उपयोग होत नाही.

हा इतिहास सर्वांत स्पष्ट दिसतो तो अमेरिकेत, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स प्रेंटिस नावाचा एक चष्मेवाला होता. बापाचाही तोच धंदा. पोरगा जर्मनीत कार्ल्सरूहेला इंजिनिअरिंग शिकून आला आणि प्रकाशशास्त्रावर लिहू लागला. भिंगाच्या मध्यापासून नजर बाजूला सरकली की प्रतिमा किती सरकते, याचा त्याने मांडलेला नियम आजही पुण्या-नागपुरातल्या ऑप्टोमेट्रीच्या विद्यार्थ्यांना 'प्रेंटिसचा नियम' म्हणून शिकावा लागतो. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला या माणसाने एक 'गुन्हा' केला. डोळे तपासून सल्ला दिल्याबद्दल तीन डॉलर घेतले. चष्म्याची किंमत म्हणून घेतले असते तर कोणी काही बोलले नसते. त्याने ते सल्ल्याची फी म्हणून घेतले. हेन्री नॉइस या शहरातल्या नामवंत नेत्रवैद्यांकडे त्याने एक रुग्ण पाठवला होता, त्यातून ही गोष्ट त्यांना कळली, आणि दोघांत पत्रापत्री झाली. तपासणी चुकली अशी नॉइस यांची तक्रार नव्हतीच. तक्रार फीबद्दल होती. दुकानदाराने वस्तू विकावी, सल्ल्याचे पैसे घेणे हा डॉक्टरचा हक्क, परवान्याशिवाय तो बजावला तर कायदा मोडला जातो, असा सगळा सूर.

इथे थोडे थांबून पाहा. हात तोच, भिंग तेच, मोजमाप तेच. पैसा वस्तूचा म्हटला तर तुम्ही दुकानदार, ज्ञानाचा म्हटला तर तुम्ही गुन्हेगार. आपल्या वाचकांना हे ओळखीचे वाटेल. आपल्या देशात माणसाच्या अंगाला हात लावण्याचे काम कोणी केले? अनेक गावांत सुईणीचे काम आपल्या आज्या-पणज्यांनी केले, गळवे कापण्याचे न्हाव्याने केले, आणि शास्त्र मात्र पोथीत राहिले. बाबासाहेबांनी जातीबद्दल जे दाखवून दिले ते हेच होते, की इथे कामाची वाटणी होत नाही, काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी होते आणि तीही एकावर एक थर रचून. अर्थात प्रेंटिसला आम्ही अस्पृश्य ठरवणार नाही. तो गोरा होता, युरोपात शिकलेला होता, त्याचे दुकान भर शहरात होते. त्याच्यावरचा अन्याय आणि आपल्यावरचा अन्याय एका तागडीत घालणे हा अडाणीपणा होईल. पण ज्ञानावरची मक्तेदारी कोणत्या भाषेत बोलते, हे समजून घ्यायला ही पत्रापत्री चांगली आहे. ती 'रुग्णाची सुरक्षा' म्हणते आणि हिशेब फीचा मांडते.

प्रेंटिसने पुढे काय केले ते महत्त्वाचे आहे. तो गप्प बसला नाही आणि नुसता भांडतही बसला नाही. त्याने व्यवसायबंधूंची संघटना उभी करण्यात पुढाकार घेतला, आणि १८९६ साली न्यूयॉर्कच्या विधिमंडळात परवान्याचे विधेयक आणवले. ते पडले. पहिला कायदा १९०१ साली मिनेसोटाने केला. न्यूयॉर्कने १९०८ साली केला आणि १९२४ पर्यंत अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत आणि राजधानीच्या जिल्ह्यात ऑप्टोमेट्रीला कायदेशीर मान्यता मिळाली. परवाना म्हटला की परीक्षा आली, परीक्षा म्हटली की शिक्षण आले. १९१० साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. याच कोलंबियात तीन वर्षांनी बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर हा विद्यार्थी दाखल झाला. एकाच आवारात एकीकडे चष्मेवाल्यांची मुले विद्यापीठाचे विद्यार्थी होत होती, आणि दुसरीकडे एक महार तरुण अर्थशास्त्राच्या वर्गात बसत होता. दोघांची भेट झाली असे आम्ही म्हणत नाही. विद्यापीठाचे दार कोणासाठी उघडते यावर पुढची शंभर वर्षे कशी ठरतात, एवढेच यातून दिसते.

पण या विजयात एक फास होता. डॉक्टरांचा विरोध शमवण्यासाठी राज्याराज्यांच्या कायद्यांनी ऑप्टोमेट्रीची व्याख्याच अशी केली की औषधाचा वापर न करता नजर मोजण्याची विद्या. त्या वेळी ही तडजोड शहाणपणाची वाटली. आत शिरायला दार मिळाले. पुढे तेच दार कुंपण झाले. 'आम्ही औषधाला हात लावत नाही' हे कित्येक ऑप्टोमेट्रिस्ट अभिमानाने सांगू लागले. दुसऱ्याने आखलेली मर्यादा माणूस आपली ओळख म्हणून मिरवू लागतो, हा अनुभवही आपल्याला नवा नाही.

औषध वापरायचे नाही म्हणजे प्रत्यक्षात काय, हे समजून घेतले पाहिजे. डोळ्याच्या मागच्या पडद्याची कड पाहायची तर थेंब टाकून बाहुली मोठी करावी लागते. बाहुली लहान असताना आत पाहणे म्हणजे कुलपाच्या भोकातून खोली पाहणे. मधुमेहात पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, आणि रुग्णाला त्याचा पत्ता लागतो तेव्हा बरेच नुकसान झालेले असते. म्हणून मधुमेह्याचा पडदा वर्षाला एकदा तरी तपासायचा असतो. (बाबासाहेबांना मधुमेह होता आणि अखेरच्या वर्षांत त्यांची नजर अधू झाली होती, हे आपण सगळे जाणतो. तरी आपल्या घरातल्या किती मधुमेह्यांचा पडदा या वर्षी तपासला गेला, हे एकदा विचारून पाहा.) काचबिंदूत डोळ्याचा दाब मोजायला त्या काळी बुबुळ बधिर करणारा थेंब लागे. तोही टाकायची ऑप्टोमेट्रिस्टला मुभा नव्हती. १९७०च्या दशकात वाऱ्याचा झोत मारून दाब मोजणारे यंत्र आले, ते या लोकांच्या फार उपयोगाचे ठरले. आज आपल्याकडच्या दवाखान्यांत डोळ्यावर फुस्सकन हवा येते आणि आपण दचकतो, ते हेच यंत्र. बंदीतूनही तंत्र निघते, हा त्यातला एक मजेदार भाग.

मग १९६८ चा जानेवारी आला. न्यूयॉर्कच्या लागार्डिया विमानतळाजवळ मोजके ऑप्टोमेट्रिस्ट जमले. बोलावणाऱ्यांत आल्डन हॅफनर हे प्रमुख होते. त्यांनी ठरवले की औषधाविनाची ही व्याख्या मोडायची आणि डोळ्याच्या आजारांची पहिली तपासणी आणि शक्य तेथे उपचार हे आपले काम म्हणून मागायचे. अवघ्या तीन वर्षांत, १९७१ साली, ऱ्होड आयलंडने तपासणीसाठी थेंब वापरायची परवानगी देणारा पहिला कायदा केला. १९७६ साली वेस्ट व्हर्जिनियाने उपचारासाठी औषधे द्यायची परवानगी दिली. हे डोंगराळ, कोळशाच्या खाणींचे, गरीब राज्य. १९९०चे दशक संपेपर्यंत उपचाराची औषधे या ना त्या प्रमाणात सगळ्या राज्यांत मिळाली.

हे इतक्या वेगाने कसे झाले? विधिमंडळांतली वजनदार माणसे, पैसा, हे सगळे होतेच आणि ते नाकारायचे कारण नाही. पण विरोधकांचा सर्वांत मजबूत मुद्दा एकच होता आणि तो खोटा नव्हता. डोळ्यात थेंब टाकणे दिसते तितके साधे नाही. काही डोळ्यांत पाणी वाहून जाण्याचा कोन चिंचोळा असतो. अशा डोळ्याची बाहुली मोठी केली तर दाब एकदम चढू शकतो आणि वेळेत उपचार न झाल्यास नजर कायमची जाऊ शकते. ज्याला हा कोन तपासता येत नाही त्याने थेंब टाकू नये. या मुद्द्याला भाषणाने उत्तर देता येत नाही, ते अभ्यासक्रमानेच द्यावे लागते. म्हणून कॉलेजांत औषधशास्त्र, शरीरविकृतिशास्त्र, संपूर्ण शरीराचे आजार हे विषय आले. दुकानात वीस-वीस वर्षे काढलेली माणसे पुन्हा वही घेऊन वर्गात बसली आणि औषधशास्त्राची परीक्षा देऊन आली. आमच्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत शिकण्यासारखा भाग हा आहे. कायदा मागायला जाताना त्यांच्या हातात निवेदनाच्या जोडीला उत्तीर्ण झालेल्यांच्या याद्या होत्या.

आणि रुग्ण? पुस्तकातून डोळा शिकता येत नाही. १९६९ साली अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात ऑप्टोमेट्रीचे कॉलेज निघाले, ते विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातच. तिथे ऑप्टोमेट्रीचे विद्यार्थी वैद्यकीय आणि दंतवैद्यकीय विद्यार्थ्यांच्या शेजारी बसून मूलभूत विषय शिकू लागले. १९७१ साली न्यूयॉर्क राज्याने आपले कॉलेज काढले. १९७०च्या दशकात माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत पदवीनंतरचे निवासी प्रशिक्षण सुरू झाले. १९७८ साली फिलाडेल्फियाच्या कॉलेजाने स्वतःचे मोठे नेत्ररुग्णालय उघडले. दुकानात येणारे गिऱ्हाईक बहुधा निरोगी असते, त्याला नंबर हवा असतो. सरकारी रुग्णालयात येणारा म्हातारा सैनिक मधुमेह, रक्तदाब, काचबिंदू, मोतीबिंदू हे सगळे एकत्र घेऊन येतो. शिकाऊ मुलाला आजार दिसला तो तिथे.

बर्मिंगहॅमचे नाव आपल्या वाचकांनी आधी ऐकलेले असेल. १९६३ च्या सप्टेंबरात तिथल्या सोळाव्या रस्त्यावरच्या चर्चमध्ये वर्णद्वेष्ट्यांनी बॉम्ब ठेवला, चार काळ्या मुली मेल्या. पाचवी वाचली. बारा वर्षांची सारा कॉलिन्स. तिचा उजवा डोळा गेला. त्याच शहरात सहा वर्षांनी डोळ्यांचे हे आधुनिक कॉलेज उभे राहिले. आता प्रश्न असा, की व्यवसायाच्या मुक्तीची ही लढाई चालू असताना काळे ऑप्टोमेट्रिस्ट कुठे होते?

उत्तरही १९६९ मध्येच आहे. व्हर्जिनियातल्या रिचमंडमध्ये त्या वर्षी नॅशनल ऑप्टोमेट्रिक असोसिएशन स्थापन झाली. स्थापनेत पुढाकार अटलांटाचे सी. क्लेटन पॉवेल आणि रिचमंडचे जॉन हाउलेट या दोन काळ्या ऑप्टोमेट्रिस्टांचा. राष्ट्रीय पातळीवर गोऱ्यांचे वर्चस्व असलेली जुनी, बलाढ्य संघटना होती. तरी त्यांना वेगळी संघटना काढावी लागली. जो व्यवसाय डॉक्टरांना सांगत होता की आम्हाला खालचे समजू नका, त्याच्याच घरात काळ्या माणसाला जागा नव्हती. बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, तिचा याहून स्वच्छ नमुना शोधून सापडणार नाही. वरच्याची लाथ बसते म्हणून कोणी खालच्याला लाथ मारायचे थांबत नाही. १९४६ साली बाबासाहेबांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते ते अशाच साम्यामुळे.

पॉवेल आणि हाउलेट यांच्या संघटनेचे विशेष असे की तिने दोन गोष्टी एकत्र धरल्या : काळ्या वस्त्यांतल्या लोकांच्या डोळ्यांचे आरोग्य, आणि ऑप्टोमेट्रीच्या कॉलेजांत काळ्या विद्यार्थ्यांची भरती. काचबिंदू काळ्या अमेरिकनांत गोऱ्यांपेक्षा जास्त आढळतो आणि लवकर सुरू होतो. म्हणजे काचबिंदू ओळखण्याचा आणि त्यावर उपचार करण्याचा अधिकार ऑप्टोमेट्रीला मिळाला तर त्याचा सर्वांत मोठा लाभ कोणाच्या वस्तीला व्हायला हवा, हे उघड होते. तो लाभ आपोआप होणार नाही, वस्तीतला मुलगा कॉलेजात गेला तर होईल, हे त्यांनी ओळखले.

पुढचा टप्पा लेसरचा. १९९८ साली ओक्लाहोमाने ऑप्टोमेट्रिस्टांना लेसरच्या काही उपचारांची मुभा दिली. या राज्यातले ऑप्टोमेट्रीचे कॉलेज टाल्हिक्वा या गावी आहे, आणि टाल्हिक्वा ही चेरोकी राष्ट्राची राजधानी. कॉलेजातले विद्यार्थी तिथल्या आदिवासी रुग्णालयात शिकतात. आजही लेसर आणि लहान शस्त्रक्रियांच्या प्रशिक्षणात हे कॉलेज पुढे मानले जाते. ही गोष्ट दोन बाजूंनी वाचता येते आणि दोन्ही बाजूंनी वाचली पाहिजे. ज्या आदिवासींच्या भागात नेत्रशल्यविशारद येऊन राहायला तयार नसतात तिथे उपचार पोचला, ही एक बाजू. शिकाऊ हात आधी कोणाच्या डोळ्यावर फिरतो, ही दुसरी. माजी सैनिक, आदिवासी, शहरातल्या काळ्या वस्त्या. शिकायला गरिबाचा डोळा आणि शिकून झाल्यावर कमवायला श्रीमंताचा, हा वैद्यकीय शिक्षणाचा जुना व्यवहार आहे. ऑप्टोमेट्री त्यातून सुटलेली नाही. २००९ साली कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोच्या माजी सैनिक रुग्णालयात उघड झाले की ऑप्टोमेट्री विभागात उपचार घेणाऱ्या काचबिंदूच्या काही रुग्णांची नजर गेली होती. त्यांना नेत्रशल्यविशारदांकडे पाठवायला हवे होते, ते वेळेवर पाठवले गेले नाही. आपले काम कुठे संपते हे ओळखणे हाही प्रशिक्षणाचाच भाग आहे. ज्यांना अधिकार वाढवून हवा आहे त्यांनी हे प्रकरण लपवू नये. उलट अभ्यासक्रमात शिकवावे.

आता आपल्याकडे या.

भारतात या शिक्षणाची सुरुवात १९५८ च्या सुमारास झाली. अलीगढच्या गांधी नेत्र रुग्णालयात आणि हैदराबादच्या सरोजिनी देवी नेत्र रुग्णालयात दोन वर्षांचे पदविका अभ्यासक्रम निघाले. १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम आला आणि त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रांवर नेत्र सहाय्यक हवे झाले. दोन वर्षांचे प्रशिक्षण घेतलेला हा माणूस. महाराष्ट्रात पुढे त्याला नेत्र चिकित्सा अधिकारी असे भारदस्त नाव मिळाले. शाळेतल्या मुलांचे डोळे तपासणे, मोतीबिंदूचे रुग्ण शोधून शिबिराला आणणे, चष्मे देणे, नोंदी ठेवणे. १९९४ नंतर जागतिक बँकेच्या मदतीने महाराष्ट्रासह सात राज्यांत मोतीबिंदूचा मोठा प्रकल्प झाला, तेव्हाही गावातून रुग्ण गोळा करून आणणारा हाच होता. २००१-०२ च्या पाहणीत देशातले अंधत्वाचे प्रमाण १.१ टक्के होते, २०१५ ते २०१९ च्या पाहणीत ते ०.३६ टक्के निघाले. मधे अंधत्वाची सरकारी व्याख्याही बदलली, त्यामुळे सगळी घट खरी मानता येत नाही, पण काम झाले हे खरे. श्रेयाच्या फलकावर शस्त्रक्रिया करणाऱ्याचे नाव आले.

दुसरीकडे १९८५ साली चेन्नईत शंकर नेत्रालयाच्या आश्रयाने एलिट स्कूल ऑफ ऑप्टोमेट्री निघाले आणि चार वर्षांची पदवी सुरू झाली. म्हणजे एकाच कामाचे थर पडले. वर पदवीधर, खाली पदविकाधारक, त्याखाली काही महिने किंवा वर्षभर शिकवून तयार केलेला दृष्टी तंत्रज्ञ, आणि सर्वांत खाली चष्म्याच्या दुकानात शिकता शिकता शिकलेला पोऱ्या. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने खेड्यांतल्या मुलींना दोन वर्षे शिकवून रुग्णालयाचे बहुतेक काम त्यांच्या हाती दिले, त्याचे जगभर कौतुक झाले आणि ते योग्यच आहे. आमचा प्रश्न फक्त इतकाच की अशा मुलीला पुढे पदवीपर्यंत जायचा जिना आहे का, की ज्या थरात शिरली त्याच थरात तिने निवृत्त व्हायचे? जिने नसलेल्या मजल्यांची इमारत आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

२०२१ च्या कायद्याने हे थर मोडले नाहीत, त्यांना आकडे दिले. किमान २,००० तासांचे, दोन ते चार वर्षांत शिकलेले ते 'अलाइड' व्यावसायिक. किमान ३,६०० तासांची, तीन ते सहा वर्षांत पदवी घेतलेले ते 'हेल्थकेअर' व्यावसायिक. एका थरातून दुसऱ्या थरात जायची वाट कशी असेल, हे त्यामुळे लाखमोलाचे झाले. आणि कायदा झाला तरी राज्यांनी परिषदा स्थापन करायला इतका वेळ लावला की ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला मुदत घालून द्यावी लागली. ज्या परिषदेत आपल्या मुलांच्या कामाची हद्द ठरणार तिच्यावर कोण बसले आहे, हे आपल्या जिल्ह्यातल्या किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे?

आज आपल्याकडचा पदवीचा विद्यार्थी डोळ्यांचे औषधशास्त्र शिकतो, त्याची परीक्षा देतो, पण औषध लिहायचा अधिकार त्याला नाही. यावर नेत्रतज्ज्ञांचे म्हणणे असे की एमबीबीएस आणि त्यापुढची तीन वर्षे काढल्याशिवाय डोळ्याला औषध देणे धोक्याचे आहे. धोका आहे, हे आम्ही वर मान्य केलेच आहे. पण आज गरिबाच्या डोळ्यात औषध कोण टाकतो ते पाहा. ऊसतोडीला गेलेल्या बाईच्या डोळ्याला पाचट लागते. ती फडातून दवाखान्यात जात नाही, कारण उचल फिटायची असते. मेडिकलवाला एक थेंबाची बाटली देतो. त्यात स्टेरॉइड असले तर लाली दोन दिवस कमी होते आणि बरे वाटते. पण पाल्यापाचोळ्याच्या जखमेत बऱ्याचदा बुरशी शिरलेली असते आणि स्टेरॉइडने ती फोफावते. बुबुळावर फूल पडते. तालुक्याला ती पोचते तेव्हा डॉक्टर म्हणतात, आधी का नाही आलात? या बाईला लेसर नको होता. तिला हवा होता जवळच्या गावात बसलेला असा एक शिकलेला माणूस, जो म्हणाला असता की हा थेंब टाकू नका, आजच्या आज तालुक्याला चला, चिठ्ठी मी देतो. वाढीव अधिकाराचे प्रशिक्षण म्हणजे नुसती औषधांची नावे पाठ करणे नाही. काय देऊ नये आणि कोणाला केव्हा पुढे पाठवावे, हे त्यातले अर्धे शिक्षण.

आणि पदवी हीच सुरक्षेची हमी म्हणणाऱ्यांनी २०१४ साली पंजाबच्या गुरदासपूर जिल्ह्यातल्या मोतीबिंदू शिबिराची आठवण ठेवावी. तिथे शस्त्रक्रियांनंतर गरिबांचे डोळे गेले. शस्त्र अर्धशिक्षिताच्या हातात नव्हते.

राहिला प्रश्न जागांचा. १९४२ च्या ऑक्टोबरात बाबासाहेबांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना दिलेल्या निवेदनात विज्ञान आणि तंत्रशिक्षणावर मुद्दाम जोर दिला होता. ते शिक्षण महाग आहे, सरकारच्या मदतीशिवाय आपल्या मुलांना परवडणार नाही, अशी त्यांची मांडणी होती. १९४४ पासून सुरू झालेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती हे त्या धडपडीचे फळ. आज ऑप्टोमेट्रीच्या पदवीला काही वर्षे लागतात, त्यांत इंटर्नशिपही आली. बऱ्याच जागा खाजगी कॉलेजांत आणि अभिमत विद्यापीठांत आहेत आणि अनेक खाजगी अभिमत विद्यापीठांत आरक्षण लागू होत नाही. शिष्यवृत्तीचा हप्ता अडकला की कॉलेज हॉल तिकीट अडवते, हे आपल्या विद्यार्थी संघटनांना रोजचे आहे. अभ्यासक्रम जसा मोठा आणि महाग होत जाईल तसा हा फास आवळत जाईल. अधिकार वाढले आणि आपली मुले पदविकेच्या थरात अडकली, तर रिचमंडला जे १९६९ साली करावे लागले ते आपल्याला नागपूर-औरंगाबादला करावे लागेल.

म्हणून या वर्षी प्रवेशाच्या हंगामात जिल्ह्याजिल्ह्यातल्या आपल्या विद्यार्थी कार्यकर्त्यांनी ऑप्टोमेट्री शिकवणाऱ्या कॉलेजांत जावे आणि माहिती मागावी. रुग्णालय स्वतःचे आहे की कागदावर जोडलेले? इंटर्नशिपला विद्यावेतन देतात का, की मुलांना चष्म्याच्या साखळी दुकानात बिनपगारी विक्रीला उभे करतात? पदविका झालेल्या नेत्र सहाय्यकाला थेट वरच्या वर्षात प्रवेश मिळतो का? एका विद्यार्थ्याने वर्षभरात थेंब टाकून किती पडदे तपासले, किती डोळ्यांचा कोन आणि दाब मोजला, शेजारी कोण शिक्षक उभा होता, हे नोंदवहीत सापडते. सरकारी कॉलेज असेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. खाजगी असेल तर आपल्याच मुलांच्या नोंदवह्या घेऊन बसा आणि पाने मोजा.